नवशिक्या धावकांना सोबतीचा आधार

धावण्याचा संकल्प बहुधा पहिल्या काही दिवसांतच मोडतो. उत्साहाच्या भरात वेग वाढतो, धाप लागते, पाय दुखतात आणि बूट कोपऱ्यात जातात. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये 'काऊच टू फाइव्ह के' हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. आठवड्यातून तीनच दिवस सराव. प्रारंभी ६० सेकंद धावणे व ९० सेकंद चालणे, असे २० मिनिटे. हृदय व फुफ्फुसे लवकर सरावतात. हाडे आणि सांध्यांना अधिक अवधी लागतो. म्हणूनच मधली विश्रांती आवश्यक ठरते.

खरी कसोटी पाचव्या आठवड्यात लागते. दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सलग २० मिनिटे! एकटा धावणारा येथे कचरतो. गटात मात्र हा टप्पा आधी ओलांडलेला सोबती शेजारी असतो; 'अजून सावकाश' एवढा त्याचा सल्लाही पुरतो. धावताना बोलता येईल, इतकाच वेग योग्य. सोबत असली, की ही परीक्षा आपोआप होते. एखाद्याला आठवडा पुन्हा करावा लागला, तरी ते अपयश नव्हे. अशा वेळी कुणीतरी त्याच्यासोबत धावणे, हेच महत्त्वाचे.