खिशातला भूकंपमापक

नवा फोन घेताना आपण शिक्षकसुद्धा दुकानदाराला तीनच प्रश्न विचारतो : कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती चालते आणि हप्ता किती बसेल? लातूर-नांदेडच्या बाजारात पंधरा-वीस हजारांना मिळणाऱ्या फोनमध्ये आणखी एक वस्तू असते. तिच्याविषयी ना आपण विचारतो, ना तो सांगतो. फोन आडवा धरला की चित्र आडवे होते, ते तिच्यामुळे. तिचे नाव त्वरणमापक. किल्लारीच्या मुलखात तिची ओळख विज्ञानाच्या तासाला व्हायला हवी, असे आम्हांला वाटते.

एसटीने अचानक ब्रेक दाबला की उभे प्रवासी पुढे झुकतात. बस थांबते, पण शरीर थांबायला तयार नसते. त्वरणमापकात हेच घडते. सिलिकॉनमध्ये कोरलेला, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा ठोकळा सिलिकॉनच्याच लवचीक पट्ट्यांवर टांगलेला असतो. त्याला कंगव्यासारखे दाते असतात आणि त्यांच्यासमोर दुसरे, न हलणारे दाते. फोन हलला की ठोकळा किंचित मागे राहतो, दात्यांमधले अंतर बदलते आणि त्याबरोबर त्यांची विद्युतधारिताही बदलते. हा बदल मोजून फोन त्वरण काढतो, तेही तीन दिशांना आणि सेकंदाला शंभर किंवा अधिक वेळा. जुन्या भूकंपमापकातला टांगलेला लंबक आठवा; तत्त्व तेच आहे.

वर्गात हे पाहण्यासाठी जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठाने २०१६ मध्ये आणलेले 'फायफॉक्स' हे ॲप मोफत मिळते. टेबलावर पडून असलेला फोन सुमारे ९.८ हा आकडा दाखवतो. 'सर, हा तर हलतच नाही!' असे कोणीतरी म्हणतेच. ठोकळ्याच्या वजनाने पट्ट्या वाकलेल्या असतात, म्हणून हा आकडा येतो. आता फोन हातभर उंचीवरून जाड गादीवर सोडा. पडताना आकडा शून्याजवळ जातो, कारण ठोकळा आणि फोन दोन्ही सारखेच पडत असतात आणि पट्ट्या वाकतच नाहीत. मुक्त पतनाचा धडा फळ्यावर जे करू शकत नाही, ते हा अर्धा सेकंद करतो.

मग फोन फरशीवर ठेवून एका मुलाला एक पाऊल, तीन पावले, दहा पावले अंतरावरून उडी मारायला सांगावे. आलेखातला उंचवटा झपाट्याने खुजा होतो आणि थोड्याच पावलांवर फोनच्या स्वतःच्या थरथरीत बुडून जातो. खरा भूकंपमापक याहून कितीतरी सूक्ष्म हालचाल टिपतो.

उणिवा इथून सुरू होतात. आमचे एकाच बनावटीचे दोन फोन शेजारी ठेवले, तर एक ९.७२ दाखवतो आणि दुसरा ९.८७. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या गुरुत्वत्वरणातला फरक सुमारे ०.०५ आहे. म्हणजे यंत्राची चूक पृथ्वीच्या फरकाहून मोठी! मध्यम किमतीच्या अनेक फोनांत हवेचा दाब मोजणारा संवेदक नसतो, काहींत फिरणे मोजणाराही नसतो. कॅमेऱ्याच्या जाहिरातीचे म्हणाल, तर ५० मेगापिक्सेलचा फोन सहसा चार-चार बिंदू एकत्र करून साडेबाराचेच चित्र देतो.

एकेका फोनचे हे तोकडेपण हजारो फोन एकत्र आले की बरेच भरून निघते. गूगलने २०२० मध्ये सुरू केलेली अँड्रॉइडची भूकंपसूचना व्यवस्था २०२३ मध्ये भारतात आली. स्थिर पडलेल्या फोनांना एकाच भागात, एकाच वेळी धक्का जाणवला, तर ते सर्व्हरला कळवतात आणि सर्व्हर दूरच्या फोनांना इशारा देतो. भूकंपाच्या प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जातात. जास्त नासधूस करणाऱ्या दुय्यम लहरी सुमारे साडेतीन. इंटरनेटचा संदेश या दोघींहून फार वेगवान आहे.

आता ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचे, ३ वाजून ५६ मिनिटांचे गणित मुलांकडून करून घ्यावे. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. किल्लारीहून सरळ रेषेत लातूर सुमारे ४० किलोमीटर आणि नांदेड सुमारे १४०. दुय्यम लहरी लातूरला साडेअकरा सेकंदांत पोहोचतील, नांदेडला ४० सेकंदांत. धक्का ओळखून इशारा द्यायला दहा सेकंद लागतात असे धरू. नांदेडला अर्धा मिनिट हाती उरतो, लातूरला जेमतेम दीड सेकंद आणि किल्लारीला काहीच नाही. जिथे दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्यांवर कोसळली, तिथेच इशारा पोहोचत नाही. हा दोष फोनचा नाही, अंतराचा आहे; महागडा फोन घेऊनही तो जाणार नाही.

व्यवस्थेचे स्वतःचेही दोष आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हा तिने पहिल्या धक्क्याची तीव्रता फारच कमी धरली आणि सर्वांत गंभीर इशारा पाचशेहून कमी फोनांना गेला. पुढे गणनपद्धती सुधारण्यात आली.

नांदेडच्या लोकांना हा विषय परका नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेडपर्यंत जाणवला. मोठे इशारे ४.५ आणि त्यापुढच्या भूकंपांसाठीच असतात, म्हणजे हा अगदी उंबरठ्यावरचा.

आणखी एक गोष्ट. इशारा मिळायला फोनवर इंटरनेट आणि स्थान या दोन्ही सोयी चालू लागतात. बॅटरी वाचावी म्हणून आपल्यापैकी बरेच जण रात्री नेमके इंटरनेटच बंद करून झोपतात. आम्हीही तेच करत होतो. सेटिंग्जमध्ये 'सुरक्षा आणि आणीबाणी' या भागात भूकंपसूचनेचे बटण असते. उद्या मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीतल्या सगळ्या फोनांवर ते चालू आहे का, एवढे पाहून घ्यावे.