पंप खोलण्याआधी फ्यूज खिशात घाला



या पानावर मी एरवी लागण, बेणे, खते आणि तोडणीच्या प्रोग्रॅमविषयी लिहीत असतो. पंप हा काही माझा विषय नव्हे. मी शेती पदविकेचा माणूस, फिटर नव्हे. पण उसाच्या प्लॉटावर जायचे म्हणजे विहिरीवरूनच वाट असते, आणि तिथे जे पाहिले त्यातले एक सांगितल्यावाचून राहवत नाही.

२०११ सालचा मे महिना. एका सभासदाच्या खोडव्याला पाणी बसून बारा-तेरा दिवस झाले होते, पाने वळायला लागली होती. पंप चालायचा, पण पाणी ओढीना. त्यात लाईट गेलेली. ‘लाईट नाहीच, तोवर खोलून तरी बघू’ म्हणून बापलेक बसले. मी बांधावरून खाली उतरलो तेव्हा झाकण निघाले होते आणि पोरगा बोटे घालून पंख्यात अडकलेला पाचटाचा बोळा काढत होता. स्टार्टरला ऑटो बसवलेला होता हे कोणाच्याच ध्यानात नव्हते. आणि लाईट आली. पंप फिरला तो पाच-सात सेकंदच, बापाने धावत जाऊन बंद केला. पण पोराच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. हात टॉवेलात गुंडाळून माझ्याच मोटारसायकलवरून त्याला दवाखान्यात नेले. वाटेत तो एकच विचारत होता, ‘साहेब, आता पाणी कोण पाजायचं?’

मी तिथेच उभा होतो. लाईट नसताना भीती कसली, असे मलाही वाटले होते.

खरे पाहता लाईट नसते तीच वेळ जास्त धोक्याची. चालू असली तर माणूस निदान बंद करतो. गेलेली असली की बंद करायचे राहूनच जाते. आता तर मोबाईलवर चालणारे स्टार्टर आले आहेत. वडील विहिरीवर पंप खोलून बसलेले आणि मुलगा तालुक्याच्या गावाहून ‘लाईट आली असेल’ म्हणून बटण दाबतो, असे होऊ शकते. तेव्हा ऑटो काढा, मेन स्विच पाडा, आणि तिन्ही फ्यूज उपसून खिशात घाला. एक फ्यूज काढून भागत नाही, बाकीच्या दोन फेजांत करंट राहतोच. मग टेस्ट लॅम्पने तिन्ही फेज तपासा. कपॅसिटर बसवलेला असेल तर तो मेन पाडल्यावरही काही वेळ भरलेला असतो, लगेच हात लावू नका. पेटीला कुलूप घालून किल्ली जो हात घालणार त्याच्याच कनवटीला असावी. आपल्या कारखान्यात गळीत हंगाम संपल्यावर पंप उघडतात तेव्हा ‘काम चालू आहे’ अशी पाटी टांगतात, ती ज्याने टांगली त्यानेच काढायची. शेतावर पाटी कोण वाचणार? पण कुलूप सगळ्यांना कळते. सौर पंप असेल तर त्याला लाईट जाण्याचा प्रश्नच नाही. ऊन आहे तोवर प्लेटा जिवंत. कंट्रोलर आणि डीसी स्विच दोन्ही बंद करा, आणि चालू पंपाचे प्लेटांचे जोड ओढून काढू नका, ठिणगी उडते.

दुसरी गोष्ट पाण्याची. उपसा योजनेवर ही फार महत्त्वाची. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. पाणी साठ मीटर वर चढवले असेल तर पंप बंद झाला तरी लाईनमधले पाणी सहा किलोच्या दाबाने खाली रेटत असते. पंचवीस सेंटिमीटर व्यासाचे झाकण धरले तर त्यावर तीन टनांच्या आसपास जोर येतो. टायरगाडी भरून ऊस होतो तेवढा! उलट व्हॉल्व्ह आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्यात काडीकचरा अडकलेला असतो. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करा, खालचा ड्रेन प्लग आणि वरचा हवेचा कॉक उघडा, पाणी पूर्ण थांबू द्या. झाकणाचे नट एकदम काढू नका. समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करा, आणि दोन नट चार-पाच आट्यांवर राहू देऊन मगच झाकण हलवा. पाणी उसळलेच तर झाकण तुमच्या छातीवर येणार नाही.

झाकण चिकटले तर छिन्नी मारून फोडण्याची आपल्याकडे फार खोड आहे. बिडाचा काठ तुटतो आणि मग जन्मभर तिथून हवा ओढते. काढण्याच्या बोल्टांसाठी आटे दिलेले असतील तर तेच वापरा. खोलण्यापूर्वी झाकणावर आणि बॉडीवर रंगाची एकच खूण करा, बसवताना डोके खाजवावे लागत नाही. पंख्याचा नट पंप ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने सुटेल असा बहुधा ठेवलेला असतो. दोनदा पाहा, मगच पाना लावा. पंखा निघत नाही म्हणून ब्लोलॅम्पने तापवणे मात्र कधीही नको. आत अडकलेले पाणी किंवा ग्रीस तापून तो फुटू शकतो.

पंप खोल विहिरीत ओट्यावर असेल तर आणखी एक. जुनी माणसे कंदील सोडून हवा पाहायची. ते ठीक होते, पण जिथे डिझेल इंजिन चालले आहे तिथला धूर कंदील विझवत नाही आणि माणसाला मात्र मारतो. इंजिन बंद करून बराच वेळ जाऊ द्या. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे हवीत. खालचा माणूस पडला म्हणून दुसऱ्याने तसेच खाली उतरू नये, दोराने वर ओढावे.

परत बसवताना ग्लँडदोरीचे तुकडे शाफ्टवर मापून कापा, सांधे एकावर एक येऊ देऊ नका. मोटार सुट्टी करता येत असेल तर कपलिंग जोडण्यापूर्वी क्षणभर चालवून दिशा पाहा. त्या वेळी कपलिंगजवळ कोणी नको. ग्लँड इतका आवळू नका की थेंबही येऊ नये. मिनिटाला चाळीस-पन्नास थेंब पडलेले बरे, शाफ्ट थंड राहतो.

आणि हे सर्व मे महिन्यात कशाला करायचे? पाऊस लागला की जूनच्या अखेरीस, उसाला पाण्याची घाई नसताना पंप उघडा. फिटरही तेव्हा मोकळा सापडतो.

— ऊस विकास अधिकारी