बुरशी काढल्यानंतर घराची तपासणी: कोणी करावी आणि कशी करावी?

कुरुंदवाड कृष्णा-पंचगंगेच्या काठी वसलेले गाव. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत इथल्या अनेक घरांत पाणी शिरले. पाणी ओसरले की चिखल निघतो, भिंती धुतल्या जातात, बुरशी खरवडली जाते. गणपती किंवा दिवाळी तोंडावर असेल तर लगेच रंगही लागतो. पण भिंत आतून ओली असेल, तर काही आठवड्यांत कपाटामागून पुन्हा कुबट वास येतो आणि घरातल्या दमेकऱ्याला पंप जास्त वेळा घ्यावा लागतो. रंग देण्याआधी नीट तपासणी केली तर हे बऱ्याच अंशी टाळता येते.

कोणी जास्त काळजी घ्यावी?

ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा, खोकला आणि श्वसनाच्या इतर तक्रारी वाढतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. मेलेल्या बुरशीनेही ऍलर्जी होते. म्हणून ती नुसती मारून चालत नाही, पुसून घराबाहेर काढावी लागते.

पुढील व्यक्तींना जास्त धोका असतो:

- दमा किंवा ऍलर्जीची सर्दी असलेली मुले आणि मोठी माणसे
- पूर्वी क्षयरोग होऊन फुप्फुसात पोकळी राहिलेले रुग्ण
- मधुमेह नियंत्रणात नसलेले, केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे आणि अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण
- हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस झालेले रुग्ण. या आजारात बुरशीसारख्या कणांमुळे फुप्फुसाला सूज येते. भारतातील 1,084 रुग्णांच्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदणीत फुप्फुसाच्या अंतर्गत जाळीच्या आजारांपैकी जवळपास 47 टक्के रुग्णांना हाच आजार होता.

तपासणी दुसऱ्याकडून का करून घ्यावी?

ज्याने काम केले त्याला ते पूर्ण झाले असेच वाटणार, शिवाय त्याचे पैसेही त्यावर अवलंबून असतात. अमेरिकेत टेक्सास आणि न्यूयॉर्क राज्यांच्या कायद्यानुसार एकाच कामात बुरशी काढणारा आणि तपासणारा एक असू शकत नाही. आपल्याकडे हे काम बहुधा गवंडी किंवा रंगारी करतात, त्यामुळे ही सोय आपणच करावी लागते. ठेकेदाराशी संबंध नसलेल्या स्थापत्य अभियंत्याला बोलवा. ते शक्य नसेल तर घराबाहेरच्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घ्या. शेवटचा हप्ता तपासणीनंतरच देऊ, असे काम सुरू होण्याआधी ठरवून घ्या.

दमा असलेल्या व्यक्तीने ही तपासणी स्वतः करू नये.

रंग देण्याआधी काय पाहावे?

1. वास: खोली रात्रभर बंद ठेवा. सकाळी बाहेरून आलेल्या माणसाला आधी आत जाऊ द्या. रोज राहणाऱ्यांच्या नाकाला त्या वासाची सवय झालेली असते. धूप, फिनेल किंवा अत्तराचा वास दरवळत असेल तर ही तपासणी दुसऱ्या दिवशी करा.

2. नजर: बॅटरी घेऊन कपाटामागे, दिवाणाखाली, प्लायवूडच्या मागच्या बाजूला, पीओपीच्या छताच्या वर आणि माळ्यावर पाहा. पुरात भिजलेल्या गाद्या, उशा घरात राहिल्या आहेत का, तेही पाहा.

3. लोणा की बुरशी: भिंतीवरच्या पांढऱ्या थरावर पाण्याचे दोन थेंब टाका. लोणा म्हणजे क्षार, तो विरघळतो. बुरशी विरघळत नाही. मात्र लोणा असला तरी भिंतीत ओल आहे किंवा होती, एवढे नक्की.

4. प्लास्टिकची चाचणी: दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि 24 तासांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचले असेल तर भिंत अजून ओली आहे. खोलीकडच्या बाजूला साचले असेल तर खोलीतली हवा दमट आहे. पुराच्या पाण्याची रेघ जिथे उमटली आहे, त्याखाली दोन-तीन ठिकाणी हे करून पाहा.

5. ओलावा मोजणारे यंत्र: एकाच आकड्यावर विसंबू नका. त्याच घरातल्या, पाणी न लागलेल्या तशाच भिंतीशी तुलना करा. क्षार असलेल्या भिंतीवर हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त ओल दाखवते.

6. ओलीचे मूळ: गळके छत, फुटलेला नळ, जोत्यातून चढणारी ओल यांपैकी काही शिल्लक असेल तर बाकी सगळे ठीक असूनही काम अपुरे आहे.

तारखेसह फोटो काढून ठेवा. जुन्या घरांच्या जाड भिंती वाळायला कित्येक महिने लागू शकतात. तोवर रंग थांबवा. पुढच्या पावसाळ्यात हीच तपासणी पुन्हा करा.

प्रयोगशाळेची चाचणी लागते का?

बहुतेक घरांना लागत नाही. बुरशीचे कण प्रत्येक घरात आणि बाहेरच्या हवेतही असतात. पावसाळ्यात, उसाच्या शेतांजवळ ते अधिक असू शकतात. हवेत किती कण असले म्हणजे घर सुरक्षित, याचा आरोग्यावर आधारलेला सर्वमान्य आकडा नाही. त्यामुळे उघडी बशी ठेवून ‘बुरशी सापडली’ एवढेच सांगणारा अहवाल फारसा उपयोगी नसतो. हवेचा नमुना घ्यायचाच असेल तर त्याच दिवशी घराबाहेरचाही घ्यावा, म्हणजे तुलना करता येते. घरात प्रत्यारोपण झालेला किंवा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा रुग्ण असेल तर नमुने घ्यावेत का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

घराच्या अहवालावरून रुग्णाच्या आजाराचे निदान होत नाही. त्यासाठी रुग्णाची तपासणी आणि गरजेनुसार स्पायरोमेट्री, रक्तातील आयजीई किंवा सीटी स्कॅन करावा लागतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- घराबाहेर राहिल्यावर बरे वाटते आणि परतल्यावर खोकला किंवा धाप वाढते
- दम्याचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागतो
- ताप, वजन घटणे किंवा खोकल्यातून रक्त येणे
- मधुमेही रुग्णाला चेहऱ्यावर एका बाजूला सूज, डोळा दुखणे किंवा नाकातून काळसर स्राव (त्याच दिवशी रुग्णालयात जा)

जास्त धोका असलेल्या रुग्णाला तपासणी पूर्ण होईपर्यंत नातेवाइकांकडे किंवा घरातल्या कोरड्या खोलीत ठेवावे. कोरडी भिंत, वास नसलेली खोली आणि बंद झालेली गळती, या तीनही गोष्टींची दुसऱ्या कोणीतरी खात्री केल्यावरच रंगाचा डबा उघडावा.