इस्तंबूलच्या बाजारात जाताना होणाऱ्या चुका

राजूरसारख्या कोळसा-चुन्याच्या गावातून इस्तंबूलचा बाजार पाहायला निघणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी आम्ही नेहमीच्या चार चुका येथे देत आहोत.

पहिली व्हिसाची. शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा अथवा वास्तव्य परवाना नसेल, तर भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळत नाही. रीतसर अर्ज करून व्हिसा हाती आल्यावरच तिकीट काढावे.

दुसरी विमानतळाची. २०१८ साली सुरू झालेला नवा विमानतळ युरोपच्या बाजूस आहे, तर सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूस. मुक्कामाची बाजू न पाहता तिकीट घेतले, तर सामानासह बॉस्फरस ओलांडण्यात वेळ व पैसा दोन्ही जातात.

तिसरी वाराची. सुमारे ४,००० दुकानांचा जुना आच्छादित बाजार, ‘कापाली चार्शी’, रविवारी बंद असतो. घासाघीस तेथेही चालते, म्हणून पहिल्याच भावाला होकार देऊ नये.

चौथी सर्वांत महाग पडते. जुना गालिचा किंवा तांब्याचे भांडे हौसेने घेतले जाते. मात्र पुराणवस्तू देशाबाहेर नेणे तेथे गुन्हा आहे. माल जप्त होतो, खटलाही चालतो. म्हणून पक्की पावती व संग्रहालयाचा दाखला मागावा. दाखला नसेल तर सौदा सोडावा. नमुन्यासाठी नवा मालच पुरेसा आहे.