सेल्फ लागत नाही? आधी आवाज ऐका

चावी फिरवली आणि गाडी चालू झाली नाही, की ‘सेल्फ गेला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण दोष बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थिंगमध्येही असू शकतो. म्हणून नव्या सेल्फचा खर्च करण्याआधी करंटची वाट तपासावी.

चावी फिरवताच थोडा करंट सेल्फवरच्या, म्हणजे स्टार्टर मोटरवरच्या, सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड दोन कामे करतो. बेंडिक्सचे छोटे दातेरी चाक ढकलून तो इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये अडकवतो आणि आतले जाड कॉन्टॅक्ट जोडून बॅटरीचा मोठा करंट मोटरला देतो. हा करंट छोट्या कारमध्येही सहज 100 अँपिअरच्या पुढे जातो. एवढ्या करंटला टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थरही अडवू शकतो.

आता आवाज ऐका. भराभर ‘टक-टक-टक’ झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. मोटर करंट घेऊ लागताच व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. त्याचा हा आवाज. एकच ‘टक्’ होऊन सारे थांबले, तर हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर संशय बॅटरीवर, जोडण्यांवर किंवा जाम झालेल्या मोटरवर. दिवे तसेच राहिले तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा मोटरचे कार्बन (ब्रश) झिजलेले असू शकतात. मोटर नुसतीच घूंऽ करून फिरली, तर बेंडिक्स पाहा. खरखर झाली तर लगेच थांबा. रिंगचे दाते खराब होतील. आवाजच नसेल, तर फ्यूज, रिले आणि इग्निशन स्विच तपासा.

मग मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा 9.6च्या खाली गेला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा मोजा. तरीही सेल्फ जड फिरत असेल, तर गाडी न्यूट्रलला घेऊन, हँडब्रेक ओढून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर धरा. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला, तर केबल किंवा तिची जोडणी खराब आहे. तसेच सेल्फ मारताना बॅटरीचे मायनस टर्मिनल आणि सेल्फची बॉडी यांच्यात आकडा 0.3 व्होल्टहून जास्त आला, तर दोष अर्थिंगचा.

टर्मिनल साफ करताना मायनस आधी काढा, शेवटी जोडा. खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने थर धुवा. पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. सेल्फला हलकेच ठोकल्यावर गाडी चालू होत असेल, तर बहुधा कार्बन संपत आले आहेत. अनेक सेल्फमध्ये कार्बन आणि सोलेनॉइड वेगळे बदलता येतात, म्हणून ऑटो इलेक्ट्रिशियनला आधी ते विचारा. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका. तापलेल्या मोटरला मिनिटभर तरी विश्रांती द्या.