वाचक, कॅथलिक उपासनेतील
रोमन कॅथलिक उपासनेत बायबलमधील उतारे भाविकांसमोर मोठ्याने वाचणारा सेवक. रविवारच्या मिस्साविधीत पहिले वाचन बहुधा जुन्या करारातून, दुसरे मुख्यत्वे प्रेषितांच्या पत्रांतून असते. शुभवर्तमान मात्र डीकन किंवा धर्मगुरू वाचतो. जस्टिन मार्टरच्या उपासनावर्णनात (सु. १५५) वाचकाचा उल्लेख आढळतो. पुढे वाचकपद ही धर्मगुरुपदाच्या मार्गावरील कनिष्ठ दीक्षा बनली. गोव्यात थॉमस स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण (१६१६) चर्चमधून वाचले जाई, तरी मिस्सेतील वाचने लॅटिनमध्येच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाव दिला. सहावे पोप पॉल यांनी १९७२ मध्ये कनिष्ठ दीक्षा रद्द करून वाचकपद अदीक्षित पुरुषांना खुले केले. प्रत्यक्ष वाचन स्त्रियाही करीत असत. विधिवत नियुक्तीचा अधिकार मात्र त्यांना २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने मिळाला. धर्मगुरुपदाच्या उमेदवारास डीकनपदापूर्वी वाचकपद स्वीकारावे लागते. १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून पुण्यास हलविलेल्या पेपल सेमिनरीतील विद्यार्थ्यांनाही हाच क्रम लागू आहे. नियुक्त वाचक नसल्यास अन्य भाविक वाचन करतात. शास्त्रवचन श्रवणानेच समजावे हा या सेवेचा हेतू असल्याने उताऱ्याचा पूर्वाभ्यास व स्पष्ट उच्चार आवश्यक मानले जातात.