भेसळखोर दंडावर का सुटतो?

दिवाळी जवळ आली की बातमी ठरलेली असते. अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) छापा टाकला, दूध गटारात ओतले, पनीर नष्ट केले. फोटो व्हायरल होतात. पण त्या मालकाचे पुढे काय झाले? हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि भेसळखोराचे नेमके तिथेच फावते.

ही कारवाई अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली होते. हा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. त्यातले दोन शब्द कार्यकर्त्यांनी पाठ करावेत : 'कमी दर्जाचे' आणि 'असुरक्षित'.

दुधात पाणी घातले, फॅट कमी भरले, तर ते साधारणपणे कमी दर्जाचे ठरते. कलम ५१ नुसार जास्तीत जास्त ५ लाख रुपये दंड. तुरुंग नाही. युरिया किंवा डिटर्जंट सापडून अन्न असुरक्षित ठरले, तर कलम ५९ खाली फौजदारी खटला चालतो. मृत्यू झाला तर किमान सात वर्षे ते जन्मठेप. कोणाला इजा झाल्याचे सिद्ध झाले नाही, तर मात्र पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद तीन महिन्यांवर आणली आणि दंड ३ लाखांवर नेला. पैसेवाल्याला हा सौदा परवडणारच! रोज ते दूध पिऊन हळूहळू खंगणाऱ्या वस्तीतल्या लेकराची इजा सिद्ध कोण करणार?

म्हणून सगळे नमुन्यावर आणि अन्न विश्लेषकाच्या अहवालावर येऊन थांबते. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्याविरुद्ध अपील करता येते. नमुना घेण्यात चूक झाली की वकील तीच धरतो.

नुसता पोलीस ठाण्यावर मोर्चा नेऊनही भागत नाही. कलम ५९ लागू होत असेल तिथे भारतीय दंड संहितेच्या २७२, २७३ कलमांखाली सोबत खटला चालवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये राम नाथ प्रकरणात स्पष्ट केले. तेव्हा तक्रार एफडीएकडेच लेखी द्या, पोच घ्या. टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५.

अधिकारी येतच नसेल तर कलम ४० आहे. त्याची माहिती फार थोड्यांना असते. कोणताही ग्राहक शुल्क भरून विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. अट एकच : 'हे मी तपासायला देणार आहे' असे खरेदी करतानाच दुकानदाराला सांगायचे. घरी नेऊन फोडलेली पिशवी इथे चालत नाही. दोघे-तिघे मिळून जा, पावती घ्या. नमुना नापास झाला तर शुल्क परत मिळते आणि विश्लेषकाला तो अहवाल पुढील कारवाईसाठी पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे पाठवावाच लागतो.